ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत महिला आरक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिला सदस्य आणि सरपंचांच्या प्रशिक्षणात, आणि नंतर फोनवर, जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक ग्रामपंचायतीचे आहेत, कारण विचारणाऱ्या बहुतेक जणी गावातल्या आहेत. शहरातल्या आणि विधानसभेच्या आरक्षणाबद्दलचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. अर्ज भरण्याआधी त्या निवडणुकीचा राज्य निवडणूक आयोगाचा कार्यक्रम आणि आदेश तहसील कचेरीत नक्की पाहा.

१. ग्रामपंचायतीत महिलांना नेमकं किती आरक्षण आहे? ३३ टक्के की ५०?

महाराष्ट्रात निम्म्या जागा. गोंधळ होतो तो राज्यघटनेतल्या आकड्यामुळे. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने देशभर किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखल्या. 'किमान' म्हटल्यामुळे राज्यांना त्याहून जास्त देता येतं. महाराष्ट्राने घटनादुरुस्तीच्याही आधी, १९९० मध्ये, ३० टक्के जागा राखल्या होत्या. २०११ मध्ये कायदा बदलून त्या ५० टक्के केल्या. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका या सगळ्यांना हा नियम लागू आहे.

निम्मं आरक्षण फक्त सदस्यांच्या जागांना नाही, सरपंचपदांनाही आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या जागांतल्याही निम्म्या त्या त्या प्रवर्गातल्या महिलांच्या असतात.

२. आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये असं कोर्टाने म्हटलंय. मग महिलांचे ५० आणि मागासवर्गाचे वेगळे, हे चालतं कसं?

ती मर्यादा जातीवर आधारित आरक्षणाची आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून जागा निम्म्याच्या वर जाऊ नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या त्या याच वादामुळे. महिलांचं आरक्षण आडवं आहे. ते प्रत्येक प्रवर्गातून जातं आणि खुल्या जागांतूनही. त्यासाठी वेगळ्या जागा काढाव्या लागत नाहीत, म्हणून ते त्या बेरजेत धरत नाहीत.

३. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव होणार का, हे कोण ठरवतं? पुढारी ठरवतात असं लोक म्हणतात.

सदस्यांच्या जागांची सोडत गावात, विशेष ग्रामसभेत, तहसीलदारांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर निघते. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढतात. प्रारूप आरक्षण जाहीर झालं की हरकत घ्यायला मुदत असते. सरपंचपदाची सोडत तालुक्याला किंवा उपविभागाला निघते, कारण ती सगळ्या गावांची मिळून असते. पेसा क्षेत्रात, म्हणजे पंचायतींसाठी वेगळा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असतं आणि त्यातली निम्मी पदं महिलांची असतात.

वॉर्डांच्या हद्दी आखताना मात्र गडबड होऊ शकते आणि होते. त्यामुळे सोडतीच्या ग्रामसभेला जा, आणि त्याआधी प्रभागरचनेचा नकाशा चावडीवर लागतो तेव्हाच तो बघा. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. सोडत झाल्यावर आलेल्या तक्रारींचं फारसं काही होत नाही.

४. जागा महिलांसाठी राखीव नसेल तर बाईला उभं राहता येत नाही ना?

येतं. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण गावागावांत हे खोटंच सांगितलं जातं. 'सर्वसाधारण' जागा म्हणजे कोणाचीही जागा, बाईचीही. अनुसूचित जातीसाठी राखीव, पण महिलांसाठी नसलेल्या जागेवर अनुसूचित जातीची महिला उभी राहू शकते. ५० टक्के हा तळ आहे. त्याच्या वर कितीही महिला निवडून येऊ शकतात.

१९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये संपूर्ण ग्रामपंचायतच महिलांची निवडून आली, तेव्हा आजच्यासारखं आरक्षण नव्हतंच. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं होतं. त्यातून सत्तेत जायचं बळ घेऊन शेतकरी संघटनेच्या बायकांनी पूर्ण पॅनेल उभं केलं होतं.

५. लग्न होऊन या गावात आले, पण मतदार यादीत नाव अजून माहेरी आहे. अर्ज भरता येईल?

नाही. ज्या ग्रामपंचायतीची निवडणूक आहे तिच्या मतदार यादीत नाव हवं आणि वय २१ पूर्ण हवं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून घेतात, तीही आयोगाने ठरवलेल्या तारखेला जशी असेल तशी. त्या तारखेनंतर नाव बदललं तर या निवडणुकीला उपयोग नाही. म्हणून लग्नानंतर नमुना ८ भरून पत्ता आणि नाव दोन्ही बदलून घ्या. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.

नाव गावातल्या कुठल्याही वॉर्डात असलं तरी तुम्ही दुसऱ्या वॉर्डातून उभ्या राहू शकता. सूचक मात्र ज्या वॉर्डातून उभ्या राहता त्याच वॉर्डातला मतदार हवा.

६. जातीचा दाखला माहेरच्या नावाने हवा की सासरच्या?

जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. दाखला वडिलांकडच्या कागदांवरून, म्हणजे वडील, आजोबा, चुलते यांच्या नोंदींवरून निघतो. मागासवर्गातली मुलगी खुल्या प्रवर्गात लग्न करून गेली तरी तिचा हक्क जात नाही. उलट, खुल्या प्रवर्गातली मुलगी मागासवर्गीय घरात सून झाली म्हणून ती राखीव जागेवर उभी राहू शकत नाही.

अडचण येते नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव आणि मतदार यादीत सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र जोडा. जात वैधता प्रमाणपत्र हाताशी नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र द्यावं लागतं. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. ज्या ताईंचं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात आहे त्यांची यात सर्वांत जास्त ओढाताण होते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळवायला भावाच्या पाया पडावं लागतं. म्हणून राजकारणात यायचं मनात असेल तर हे काम आधी करून ठेवा.

७. मला तीन मुलं आहेत. मी अपात्र आहे का?

तिसरं मूल १२ सप्टेंबर २००१ नंतर झालं असेल तर हो. त्याआधीच्या मुलांमुळे अपात्रता येत नाही. अपवाद असे:

एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी झाली, तर ते बाळंतपण एकच मूल धरतात. दत्तक घेतलेलं मूल मोजत नाहीत. पण स्वतःचं तिसरं मूल दुसऱ्याला दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही. ओडिशाच्या प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

माझं मत विचाराल तर हा नियम बायकांवर अन्याय करणारा आहे. किती मुलं व्हावीत हे ठरवायचा अधिकार ज्या बाईला घरात कधी मिळालाच नाही, तिला त्याची शिक्षा गावात भोगावी लागते. पण सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाचा असाच नियम वैध ठरवला आहे, त्यामुळे आज तो पाळावाच लागतो. मूल लपवून अर्ज भरू नका. विरोधक जन्मनोंद काढतात.

८. घर सासऱ्यांच्या नावावर आहे आणि थोडं गायरानात गेलंय. त्याचा माझ्याशी काय संबंध?

संबंध लावला जातो. सरकारी जागेवरचं अतिक्रमण हे अपात्रतेचं कारण आहे. अतिक्रमण सासऱ्यांनी केलं आणि सून त्यात फक्त राहते, तरी ती अपात्र ठरू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. महाराष्ट्रात अनेक महिला सदस्यांची पदं अशा तक्रारींवर गेली. घर कुठे बांधायचं हे सुनेला कोणी विचारलेलं नसतं.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाला सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहते म्हणून अपात्र ठरवलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली. महिला सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही आणि अधिकाऱ्यांनी पुरेशी शहानिशा न करता तिला काढलं, असं न्यायालयाने नोंदवलं. म्हणून नोटीस आली की घाबरून राजीनामा देऊ नका. मोजणीचा नकाशा मागा, लेखी उत्तर द्या, वकील गाठा.

अर्ज भरण्याआधी घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरा आणि पावती जपा. शौचालयाचा दाखलाही लागतो.

९. निवडणुकीचा खर्च पॅनेलने केला. हिशेब मी का द्यायचा?

उमेदवार तुम्ही आहात म्हणून. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. हरलेल्या उमेदवारांनाही हे लागू आहे. स्वतःच्या नावाने वेगळं बँक खातं उघडा, बिलं स्वतःकडे ठेवा, हिशेब दिल्याची पोच घ्या. पॅनेलप्रमुख 'मी भरतो' म्हणाले तरी पोच तुमच्याच हातात हवी.

१०. गाव बिनविरोध करायचं म्हणून मला अर्ज मागे घ्यायला सांगताहेत. बिनविरोध झालं की गावाला निधी मिळतो म्हणे.

अर्ज ठेवायचा की मागे घ्यायचा हा निर्णय पूर्णपणे तुमचा. धमकी असेल तर निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस, दोघांकडे लेखी तक्रार करा.

बिनविरोधच्या नावाखाली पदाची बोली लागत असेल तर तो सरळ गुन्हा आहे. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. देवळाच्या कामासाठी पैसे घेतले, असं कारण सांगितलं तरी तो लिलावच. आणि लिलावात बायका कधीच जिंकत नाहीत, कारण बोली लावायला त्यांच्या नावावर काही नसतं.

११. सरपंच मी आहे, पण सगळे 'भाऊ आहेत का' असंच विचारतात. मासिक सभेत माझ्या खुर्चीवर माझे मिस्टर बसतात. त्यांना कसं थांबवू?

हा सर्वांत अवघड प्रश्न. घरात भांडण न करता सुटेल असं उत्तर शोधायचा मी प्रयत्न करते.

कायदा स्पष्ट आहे. मासिक सभेत निवडून आलेले सदस्यच बसतात. सरपंचाचा नवरा, दीर, मुलगा कोणीही तिथे अध्यक्ष होऊ शकत नाही. सरपंचाच्या वतीने सही करणं म्हणजे खोटी सही. 'सरपंच पती'चा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यानंतर केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने २०२३ मध्ये समिती नेमली, आणि तिने अशा हस्तक्षेपाला कडक शिक्षा असावी अशी शिफारस केली.

पण नवऱ्याविरुद्ध तक्रार करायला कोणती बाई जाईल? म्हणून मी तीन गोष्टी सुचवते. पहिली, खुर्ची. सभेच्या अर्धा तास आधी जाऊन बसा. बसलेल्या माणसाला उठवणं अवघड असतं. दुसरी, कागद. अजेंडा सभेच्या आधी घरी वाचा. शिक्षण कमी असेल तर लेकीकडून वाचून घ्या, पण वाचून घ्या. इतिवृत्त पूर्ण ऐकल्याशिवाय सही करू नका. तिसरी, फोन. कार्यालयाच्या फलकावर तुमचा नंबर लावा, मिस्टरांचा नको. फोन तुमच्याकडे आला की कामही तुमच्याकडे येतं.

घरातल्या माणसाला हळूहळू 'माझा मदतनीस' या जागेवर आणता येतं. गाडीवर तालुक्याला नेणं, अंदाजपत्रक समजावणं, ही मदत घ्या. मदत घेण्यात कमीपणा नाही. पुरुष सरपंचही बायकोच्या हातचा डबा खाऊनच सभेला जातात. फक्त ठराव, सही आणि पैसा तुमच्या हातात राहिला पाहिजे. त्याबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

१२. चेकवर सही केली आणि आता चौकशी लागली. मला तर काहीच माहीत नव्हतं.

'माहीत नव्हतं' हे उत्तर चौकशीत चालत नाही. ग्रामनिधीचं खातं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या जोड सहीने चालतं. (पूर्वीचे ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी, दोन्ही पदं २०२४ मध्ये एक करून हे नाव दिलं.) अपहार निघाला तर वसुली दोघांवर लागते.

आता वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन जातात आणि सही म्हणजे डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे डीएससी. बऱ्याच गावांत तो कार्यालयातल्या कपाटात, ऑपरेटरच्या खिशात किंवा कंत्राटदाराकडे असतो. डोंगल मंगळसूत्रासारखा जपा. पासवर्ड कोणाला सांगू नका. आधीच सांगितला असेल तर आज बदला. ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाइल तुमचाच आहे का ते तपासा. कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या ठरावावर सही कधीच नको. प्रत्येक देयकामागे ठराव, मोजमाप पुस्तिका आणि बिल बघा. एक कागद नसेल तर 'कागद पूर्ण झाल्यावर' असं लिहून परत पाठवा.

१३. पटत नाही म्हणून सदस्य अविश्वास आणायची धमकी देतात. सहज काढता येतं का?

थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाला सहज काढता येत नाही. थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ पासून पुन्हा लागू आहे. अशा सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि मुदत संपण्याआधीचे सहा महिने अविश्वास आणता येत नाही. ठराव तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर करावा लागतो आणि नंतर ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाची मान्यता लागते. म्हणून गावाशी बोलत राहा. त्यासाठी प्रश्न १५ मधली महिला सभा उपयोगी पडते.

१४. पदावर असताना बाळंतपण आलं तर?

पद सोडायची गरज नाही. रजेचा अर्ज लेखी द्या आणि सभेत ठराव करून घ्या. रजेविना दीर्घ गैरहजेरी लागली तर सदस्यत्व धोक्यात येतं. तेवढा काळ कारभार उपसरपंच पाहतात. डोंगल तेव्हाही तुमच्याकडेच ठेवा.

१५. महिला सभा म्हणजे हळदीकुंकू का? आमच्याकडे कागदावरच होते.

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यातले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. पाणी, दारूचं दुकान, रस्त्यावरचे दिवे, शाळेतलं शौचालय हे विषय इथून येतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तो पैसा कशावर गेला हे याच सभेत विचारा. अनेक गावांत तो शिलाई मशीनच्या बिलात संपतो. बचत गटाच्या बैठकीला जोडून महिला सभा घेतली तर गर्दी आपोआप होते.

१६. मानधन किती?

सप्टेंबर २०२४ मधल्या राज्य सरकारच्या निर्णयानुसार लोकसंख्येप्रमाणे सरपंचाला महिना ६, ८ किंवा १० हजार रुपये. ते स्वतःच्या खात्यात घ्या.

१७. पाच वर्षं काम शिकले आणि आता जागा खुली झाली. पुढे काय?

फिरत्या आरक्षणाचं हे खरं दुखणं. कामाची समज येते तोवर जागा फिरते आणि पॅनेल म्हणतं, 'ताई, आता तुमचा वॉर्ड राहिला नाही.' तमिळनाडूत आरक्षण दोन मुदतींसाठी, म्हणजे दहा वर्षं, एकाच जागी ठेवतात. महाराष्ट्रानेही ते करावं असं मला ठामपणे वाटतं. पाच वर्षांत घरकुलांची यादी आणि जलजीवनच्या फायली कळेपर्यंतच वेळ जातो.

तरीही उभ्या राहा. अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. आधी महिलांसाठी राखीव असलेला वॉर्ड खुला झाल्यावर तिथून महिला निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या वॉर्डाच्या सुमारे पाचपट होती. तुमच्या कामामुळे लोकांना बाई नगरसेवक म्हणून पाहायची सवय होते. आज त्या महापालिकेच्या २२७ जागांपैकी ११४ महिलांसाठी आहेत.

१८. महिला सरपंच आली की गावात खरंच काही बदलतं?

पश्चिम बंगाल आणि राजस्थानात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी केलेल्या अभ्यासात महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केल्याचं दिसलं, कारण बायकांची मागणी तीच होती. बंगालमधल्याच नंतरच्या अभ्यासात, सलग दोन वेळा महिला प्रमुख असलेल्या गावांत मुलींनी शिकावं, काहीतरी व्हावं, ही आईवडिलांची आणि मुलींची स्वतःची इच्छा वाढलेली आढळली. लागतात ते दोन वेळा. प्रश्न १७ पाहा.

१९. विधानसभा आणि लोकसभेचं आरक्षण मंजूर झालं ना? मग ते निवडणुकीत दिसलं का नाही?

१०६वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांना, १५ वर्षांसाठी. पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना आणि त्यानंतर आरक्षण, अशी अट त्या दुरुस्तीत आहे. म्हणून २०२४ च्या निवडणुकांत ते नव्हतं. राज्यसभा आणि विधान परिषदेला ते लागूच नाही.

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांचा तिसरा हिस्सा म्हणजे ९६. २०२४ मध्ये निवडून आल्या २१ महिला. गोव्यात २०२२ मध्ये ४० पैकी ३. शशिकला काकोडकर गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या त्या १९७३ मध्ये. महाराष्ट्राला आजवर महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही.

२०. त्यात ओबीसी महिलांना वेगळ्या जागा आहेत का?

नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या जागांतला तिसरा हिस्सा त्या प्रवर्गातल्या महिलांना आहे. लोकसभा-विधानसभेत ओबीसींना मुळातच आरक्षण नाही, म्हणून महिलांच्या कोट्यातही नाही. ग्रामपंचायतीत ते आहे (प्रश्न १ पाहा). विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं तेव्हापासून ही मागणी होत आली आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे. ज्या ओबीसी ताई तीन दशकं पंचायती चालवत आल्या, त्यांना विधानसभेच्या दारात थांबवायचं कारण मला दिसत नाही.

२१. कायद्याची वाट न पाहता पक्षांनीच तिकिटं दिली तर?

द्यावीत, आजच. २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी ७ जागांवर महिला दिल्या आणि त्यातल्या ५ जिंकल्या. त्यांतल्या प्रमिला बिसोई बचत गटातून आल्या होत्या. 'निवडून येण्याची क्षमता असलेली बाई मिळत नाही' असं सांगणाऱ्या जिल्हाध्यक्षांना आपल्या तालुक्यातल्या माजी महिला सरपंच आणि जिल्हा परिषद सदस्यांची यादी द्या, नाव आणि मिळालेल्या मतांसह. ही माहिती तहसील कचेरीत मिळते. तिकीट मागताना ती लेखी जोडा आणि पोच घ्या.